अब्बांचे फडके

मागच्या हिवाळ्यात माझ्या मोठ्या मुलीच्या रिश्त्यासाठी परभणीहून पाहुणे आले होते. जेवणे झाली, बडीशेप झाली आणि त्यांना निरोप द्यायला आम्ही सगळे दारात उभे राहिलो. दुपार कलली होती. तिरपे ऊन आमच्या गाडीवर पडले होते. पाहुण्यांपैकी एक तरुण सहज बोलून गेला, "गाडी छान आहे, पण रंगावर जाळं फार झालंय."

मी वाकून पाहिले. बॉनेटवर, छतावर, दारांवर, जिथे जिथे ऊन चमकत होते तिथे त्या चमकेभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे हजारो बारीक ओरखडे दिसत होते. गाडी घेऊन आठ महिनेही झाले नव्हते. हे कशाने झाले ते मला लगेच उमगले. मागे वळून मी मोठ्याने म्हणालो, "अब्बा, हे तुमच्या फडक्याने झालं. चांगल्या गाडीची वाट लावलीत. उद्यापासून हात लावू नका तिला."

अब्बा काही बोलले नाहीत. खांद्यावरचे फडके त्यांनी काढले, त्याच्या चार घड्या घातल्या आणि ते आत निघून गेले. पाहुणे इकडेतिकडे पाहू लागले. ते गेल्यावर मुलगी मला एवढेच म्हणाली, "अब्बू, ते काय गाडी बघायला आले होते?"

घरात आम्ही दखनी बोलतो. इथे मराठीत लिहितो आहे. पण कोणत्याही भाषेत ते बोलणे तेवढेच वाईट होते. मी शिक्षक आहे. वडीलधाऱ्यांसमोर आवाज चढवू नये, हे रोज वर्गात मुलांना सांगतो.

आता त्या फडक्याबद्दल सांगायला हवे. अब्बा एसटीत चालक होते. 1981 मध्ये जालना हा वेगळा जिल्हा झाला, त्याच वर्षी ते अंबड आगारात लागले आणि 2015 मध्ये निवृत्त झाले. घनसावंगीकडची मुक्कामी गाडी, परतूरच्या फेऱ्या, अंगारकीला राजूरच्या गणपतीसाठी सुटणाऱ्या जादा गाड्या, सगळे त्यांनी केले. मुक्कामाच्या गावी पहाटे उठायचे, वुजू करून नमाज पढायची आणि मग गाडी पुसायला घ्यायची, हा त्यांचा चौतीस वर्षांचा शिरस्ता. धुळीने माखलेल्या गाडीत सवाऱ्या बसवणे त्यांना कमीपणाचे वाटे. "गाडी सरकारची, पण तोंड आपलं," असे ते म्हणत.

निवृत्तीनंतर त्यांना पुसायला काही उरले नाही. मग आमची गाडी आली. सहा वर्षे वापरलेली काळी स्विफ्ट. व्याजाचे कर्ज काढायचे नाही असे घरात ठरलेले, म्हणून चार वर्षे भिशी भरून आणि पगारातून थोडे थोडे बाजूला टाकून ती घेतलेली. ती दारात लागली त्याच दिवशी अब्बांनी ट्रंक उघडली, आपला जुना खाकी शर्ट काढला आणि कापून त्याची फडकी केली. दुसऱ्या दिवशी फजरनंतर मला खिडकीतून सपसप आवाज आला. अब्बा गाडी पुसत होते. त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच वर्षांनी कामावर निघालेल्या माणसाचा भाव होता. मी तो पाहिला होता आणि मनातून सुखावलोही होतो. तरीही पुढे त्यांना तसे बोललो.

दुसऱ्या दिवसापासून सपसप आवाज बंद झाला. गाडीवर धूळ साचू लागली. मला वाटले, दोनचार दिवसांत होईल सगळे ठीक.

ओरखडे मात्र मला घालवायचेच होते. शेजाऱ्याने सांगितले, टूथपेस्ट लाव, सगळे जाते. मी डाव्या दारावर टूथपेस्ट थापली आणि टॉवेलच्या तुकड्याने जोर लावून गोल गोल घासले. धुतल्यावर पाहतो तो तेवढा भाग दुधासारखा धुरकट झालेला. अब्बांच्या आठ महिन्यांच्या ओरखड्यांपेक्षा माझी दहा मिनिटांची करामत लांबूनही दिसत होती. घरात कोणी काही म्हणाले नाही. अब्बा तर नाहीच.

पुढे रमजान आला, ईद आली. ईदगाहून आल्यावर मी अब्बांच्या गळ्यात पडलो. त्यांनी पाठीवर हात फिरवला. मी मनाशी म्हणालो, चला, मिटले. पण जुम्म्याला गाडी काढली की ते म्हणायचे, "तुम्ही व्हा पुढे, मी येतो चालत." शेवटी पत्नीने लक्षात आणून दिले, "त्या दिवसापासून ते गाडीत बसलेले नाहीत. एकदाही नाही." मी दिवस मोजले. चार महिने झाले होते.

त्याच आठवड्यात मी मंठा चौफुलीकडच्या एका वृद्ध पेंटरकडे गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात. पन्नास वर्षे त्यांनी गाड्यांना रंग दिला आहे. त्यांनी दाराचा धुरकट डाग पाहिला आणि हसले. मग मोबाइलची बत्ती लावून बॉनेटवर तिरपी धरली. "कोण पुसायचं?" त्यांनी विचारले. मी सांगितले. चाचांचे हसणे थांबले. "डायव्हर साहेब? त्यांच्या गाडीने मी अंबडला गेलोय. काचेत तोंड दिसायचं इतकी स्वच्छ गाडी. त्यांना बोललास की काय तू?"

मी गप्प राहिलो. चाचांनी स्टूल पुढे सरकवले आणि मला नीट समजावून सांगितले.

जुन्या गाड्यांचा रंग वेगळा होता. चाचांच्या वयाचे कारागीर अजून गाडीच्या रंगाला 'ड्यूको' म्हणतात. ते 1920 च्या दशकात अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीने काढलेल्या रंगाचे नाव. त्याआधी गाडीला ब्रशने रंग आणि वार्निश चढवून वाळवण्यात कित्येक आठवडे जात. ड्यूको फवाऱ्याने मारता येई आणि भराभर वाळे. कंपनीचे ते नाव आपल्याकडे रंगाचेच नाव होऊन बसले. त्या काळच्या गाड्यांना रंग म्हणजे रंगच. त्याच्यावर आणखी कसला थर नसे. घासला तर फडक्याला रंग लागायचा, आणि खाली पुन्हा तोच रंग. अब्बांनी पुसलेल्या लाल गाड्यांचा रंगही तसाच जाड, राकट. फडक्याच्या रेघा त्याच्यावर पडत असतीलही, पण डोळ्यांना दिसत नसत.

आताच्या गाड्यांवर मात्र थरावर थर असतात. पत्र्यावर गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर काचेसारखा पारदर्शक थर. कारागीर त्याला 'क्लिअर' म्हणतात. गाडीची चमक ही त्या क्लिअरची चमक. सगळे थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतात, आणि क्लिअर त्यातले 40-50 च्या आसपास. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केसही बहुधा या क्लिअरपेक्षा जाड असतो.

"आता धूळ बघ," चाचा म्हणाले आणि त्यांनी बोटाने बॉनेटवरची धूळ माझ्या तळहातावर टेकवली. "चोळ." कचकच लागली. त्या धुळीत मातीबरोबर दगडाचे बारीक कण असतात आणि ते क्लिअरपेक्षा कठीण असतात. कोरड्या फडक्याने पुसले की फडके त्या कणांना रंगावरून ओढत नेते. फडके कितीही मऊ असो, ओरखडा कण काढतो. रोज एकदा पुसले तर आठ महिन्यांत अडीचशे वेळा. ओरखडे गोल दिसतात, पण प्रत्यक्षात ते सगळ्या दिशांना पडलेले असतात. उजेडाच्या आड येणारे तेवढेच चमकतात, म्हणून चमकेभोवती जाळे विणल्यासारखे वाटते. काळ्या रंगावर ते सर्वांत जास्त दिसते.

"फडक्याची चूक नाही," चाचा म्हणाले. "धुळीची आहे. आणि धूळ तर सगळ्या जालन्याची आहे."

आमच्या गावाला जुने लोक 'जालना सोने का पालना' म्हणत. आता हा पाळणा लोखंडाचा झाला आहे. औद्योगिक वसाहतीत सळया तयार करणारे कारखाने, रस्त्यावर भंगाराचे आणि सळयांचे ट्रक. उन्हाळ्यात वारा सुटला की कुंडलिकेच्या दोन्ही काठांवरचे जालना एकाच रंगाचे दिसते. अशा गावात गाडी पुसणारा माणूस काळजीवाहू नसेल तर काय असेल?

मी विचारले, "मग हे ओरखडे भरून कसे काढायचे?" चाचांचे उत्तर माझ्या कायमचे लक्षात राहिले आहे. ओरखडा भरून निघत नाही. तो खोलगट असतो. त्याच्या आजूबाजूचा चांगला थर अगदी थोडा थोडा उतरवत नेला की सगळे एका पातळीवर येते आणि ओरखडा दिसेनासा होतो. म्हणजे दर वेळी आपण चांगल्यातलेच थोडे खर्च करतो. म्हणून हे काम पुन्हा पुन्हा करायचे नसते, आणि जेवढ्यास तेवढेच करायचे असते. बाजारात ओरखडे झाकणारी पॉलिश मिळते. तिच्यातले तेल-मेण ओरखड्यात भरते, दोन दिवस गाडी नवी दिसते, आणि दोनचार वेळा धुतली की जाळे पुन्हा हजर. मला ईदची गळाभेट आठवली.

चाचा मशीनने करून द्यायला तयार होते. पण म्हणाले, "हाताने कर. वेळ लागेल, पण हाताने फार बिघडत नाही. आणि डायव्हर साहेबांना घे बरोबर."

एप्रिल लागला होता. जालन्याचे एप्रिलचे ऊन सांगायला नको. पत्रा गरम असेल तर कंपाउंड लावताच वाळते, म्हणून काम सावलीत आणि पत्रा गार असतानाच करायचे. त्यासाठी फजरनंतरचे दीड-दोन तास एवढाच वेळ. रविवारी पहाटे मी दोन बादल्या घेऊन अंगणात आलो. आमच्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येते. बोअरचे पाणी जड, गाडीवर वाळले की पांढरे ठिपके धरते. म्हणून साठवलेल्या नळाच्या पाण्यातल्या दोन अर्ध्या बादल्या. एकीत गाडीचा शॅम्पू, दुसरीत साधे पाणी. आधी मगाने पाणी सोडून सुटी धूळ वाहू द्यायची, मग वरून खाली धुवायचे, आणि कापड दर वेळी साध्या पाण्यात खळबळून मगच शॅम्पूत बुडवायचे. नाहीतर काढलेली धूळ पुन्हा गाडीवरच जाते.

अब्बा ओट्यावर तसबीह घेऊन बसले होते. पाहत होते, पण उठले नाहीत. मी मगाने बरेच पाणी ओतले तेव्हा मात्र बोलले, "वुजूला एवढं पाणी घेतोस का?" चार महिन्यांत गाडीवरून ते पहिल्यांदा बोलले होते.

धुऊन, मायक्रोफायबरने टिपून झाल्यावर चाचांनी सांगितलेली एक गंमत मी करू लागलो. पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून रंगावरून अलगद हात फिरवायचा. डोळ्यांना न दिसणारी खरखर बोटांना कळते. मला काही नीट कळेना. "अब्बा, जरा बघता का?" मी म्हणालो.

ते आले. पिशवी हातात घातली, डोळे मिटले आणि छतापासून सुरुवात केली. "इथं आहे. इथं नाही. इथं पुष्कळ आहे." जवळून पाहिले तर तिथे टाचणीच्या टोकाएवढे तांबूस ठिपके होते. लोखंडाचे कण रंगात रुतून तिथेच गंजलेले. असे कण असताना घासले तर ओरखडे वाढतात, म्हणून ते आधी काढायचे. त्यासाठी लांबीसारखी मऊ माती मिळते, तिला क्ले म्हणतात. साबणाचे पाणी फवारून तिचा चपटा गोळा हलक्या हाताने फिरवायचा; कण तिच्यात अडकतात. मळली की दुमडून आतली स्वच्छ बाजू घ्यायची. जमिनीवर पडली तर टाकून द्यायची, कारण खडे चिकटलेली क्ले म्हणजे कानसच. हे सारे काम अब्बांनी केले. मी फक्त पाणी फवारत होतो.

मग रबिंग. दारांच्या कडा आणि पत्र्याच्या उठावदार रेघांवर थर पातळ असतो, तिथे कागदी चिकटपट्टी लावली. प्लॅस्टिकच्या भागांवरही लावली. नियम असा की सर्वांत सौम्य पॉलिशपासून सुरुवात करायची, त्याने भागले नाही तरच कडक कंपाउंड. फोमच्या गादीवर हरभऱ्याएवढे तीन ठिपके घ्यायचे, आणि एका वेळी फूटभर लांब, फूटभर रुंद एवढाच भाग. आधी आडवे हात, मग उभे; गोल नाही. सुरुवातीला थोडा दाब, मग कमी कमी करत शेवटी नुसता गादीचा भार.

माझा दाब कमीजास्त होत होता. अब्बांनी गादी माझ्या हातातून घेतली. चौतीस वर्षे स्टीअरिंग धरलेला तो हात एका लयीत सरकत होता. पुसून, मी बत्ती तिरपी धरली. फूटभर काळ्या रंगात बत्ती स्वच्छ, एकटी दिसत होती. तिच्याभोवती जाळे नव्हते. पॉलिशच्या तेलाने फसवले नाही ना, म्हणून साबणाच्या पाण्याने पुसून पुन्हा पाहिले. नव्हते.

"हौ," अब्बा म्हणाले. "जमलं."

एका रविवारी बॉनेट, दुसऱ्या रविवारी छत, मग एकेक दार. माझा टूथपेस्टचा डागही निघाला, पण त्याला कडक कंपाउंडचे दोन हात आणि वर सौम्य पॉलिश लागले. चौथ्या रविवारी आम्ही मागच्या उजव्या दाराशी आलो. तिथे एक लांब ओरखडा होता. तो फडक्याचा नव्हता. कोणाची तरी हँडल घासून गेली असावी. चाचांची खूण अशी की ओरखड्यावरून नख आडवे फिरवायचे. नख अडकले नाही तर तो क्लिअरमध्येच आहे, हाताने जाईल. नख अडकले तर तो खोल आहे, त्याच्या नादी लागू नये. समपातळी करायला गेलो तर क्लिअरच संपेल.

अब्बांनी अंगठ्याचे नख फिरवले. अडकले.

"हा राहू दे," ते म्हणाले. "आत पाणी जाऊन गंज चढू नये एवढं बघ. रंगाचा ठिपका लाव." मग गादी धुता धुता, माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "तू म्हणालास ते खरं होतं, बेटा. माझ्याच फडक्याने झालं होतं. पण सकाळी सांगायचं होतंस. पाहुण्यांसमोर सांगितलंस."

मी शिक्षक, बोलण्यावर पोट भरणारा माणूस. पण शब्द सुचेनात. "चुकलो अब्बा. माफ करा," एवढेच म्हणालो. त्यांनी गादी पिळली, माझ्या हातात दिली आणि विचारले, "मेण आज लावायचं की पुढच्या रविवारी?"

मेण आम्ही त्याच दिवशी लावले, अगदी पातळ. परभणीचा रिश्ताही पक्का झाला. निकाह अब्बांच्या सल्ल्याने ठरला.

आता फजरनंतर पुन्हा आवाज येतो, पण सपसप नाही. फवाऱ्याचा फिस् फिस् असा. हलकी धूळ असेल तर अब्बा पाण्यात थोडा शॅम्पू घालून फवारतात आणि मायक्रोफायबरच्या घड्या घालून, दर हाताला नवी बाजू घेत, दाब न देता पुसतात. धूळ जाड असेल तर हात लावत नाहीत, धुतात. हे त्यांना शिकवायला मला पाच मिनिटे लागली होती. तीच पाच मिनिटे मी आठ महिन्यांपूर्वी दिली असती तर ना गाडीला ओरखडा पडला असता, ना त्यांना. खाकी फडके अजून आहे. त्याने ते आतला डॅशबोर्ड आणि स्टीअरिंग पुसतात.

मागच्या दारावरचा ओरखडा तसाच आहे. त्यावर काळ्या रंगाचे चार ठिपके लावले आहेत. गंज चढलेला नाही. जुम्म्याला मी गाडी काढली की अब्बा पुढच्या सीटवर बसतात, दार हलकेच ओढून घेतात आणि म्हणतात, "चल, उशीर होतोय." दारासमोरून गाडी वळवताना मला आरशात तो ओरखडा दिसतो. मी गाडी सावकाश चालवतो.